पाचवं नाव

४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

आईचे आशीर्वाद, माझा नमस्कार आणि मामीला एक कडकडून मिठी, एवढं आधी उरकून घेते. आज मला दुसरंच सांगायचंय.

काल आम्हा पत्रकारांसाठी तुझ्या नव्या सिनेमाचा खेळ होता. माझ्या शेजारी एका दैनिकाचे समीक्षक बसले होते. हे गृहस्थ मध्यंतरापर्यंत झोपतात आणि मध्यंतरानंतर इतरांना गोष्ट विचारतात. पडद्यावर तू टेबलाशी येऊन बसलास, संत्रं सोलायला घेतलंस, आणि समोर तो तुझा मुलगा सांगायला लागला की बाबा, मी बोट विकली. शपथेवर सांगते, समीक्षक जागे झाले. सबंध प्रसंगात तुला एकच वाक्य आहे. बाकी तू नुसता ऐकतोस. पण काय ऐकतोस रे! पोरगा बोलायचा थांबतो, तरी तू त्याच्याकडे बघतच राहतोस, जणू काय उत्तर द्यावं ते त्याच्याच चेहऱ्यावर शोधतोयस. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी तुला जन्मापासून ओळखते, तरी मला वाटलं, हा कुणीतरी वेगळाच म्हातारा आहे, उभा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला.

आता कामाचं. डिसेंबरात आमच्या साप्ताहिकात माझा तो नेहमीचा लेख येईल, पुरस्कारांच्या नामांकनांचा अंदाज. अकरा वर्षं लिहितेय, आणि चुकले तर वाचक पत्रं पाठवून माझी सालटी काढतात. यंदा सहाय्यक अभिनेत्याच्या पाच जागांपैकी चार माझ्या मते पक्क्या आहेत. पहिला अर्थातच तुमचा मिशीवाला. तो सिनेमात मरतो, आणि मरणाऱ्याला मतं पडतात हा माझा अनुभव आहे. दुसऱ्याने भूमिकेसाठी वजन घटवलंय. तिसरा एरवी नायक असतो, यंदा खलनायक झालाय, त्याचं लोकांना भारी कौतुक. चौथ्याच्या पाठीशी मोठा निर्माता आहे. पाचव्या जागी मी तुझं नाव घालणार.

आणि हो, फोन केला की दर वेळी मामीच का उचलते? तू काय मंत्री झालास?

तुझी,
चुळबुळ


१२ नोव्हेंबर

चि. चुळबुळ हिला मामाचे अनेक, म्हणजे तिच्या आगाऊपणालाही पुरून उरतील इतके आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. संत्र्याच्या ठिकाणी तिने डोळे पुसले, आणि ‘मरणाऱ्याला मतं पडतात’ या ठिकाणी इतकी हसली की चहा सांडला.

पण पोरी, ते पाचवं नाव घालू नकोस.

एक तर लोक म्हणतील, भाचीने मामाची वर्णी लावली. दुसरं, मी आयुष्यभर हवालदार झालो, डॉक्टर झालो, न्यायाधीश झालो, नायिकांचा बाप तर इतक्यांदा झालो की रस्त्यात एखादी मुलगी ओळखीचं हसली की मला तिच्या लग्नाची काळजी लागते. हे सगळं मजेत चाललंय. नामांकनाचं नाव काढलं की माणूस आशेला लागतो. या वयात दात आणि आशा, दोन्ही फार हलवू नयेत. तिसरं म्हणजे तो सोहळा. कोट शिवा, तिथे जा, चहूकडून माइक तोंडात कोंबणारे लोक. मला त्या गलक्याचा वीट येतो. त्यापेक्षा तो कोर्टाच्या सिनेमातला कारकून बघ. गुणी माणूस आहे, आणि त्याला कोट शोभतो.

मिशीवाल्याचं नाव पहिलं घातलंस ते बरं केलंस. आम्ही दोघं एकाच नाटक कंपनीतून बाहेर पडलो. तेव्हाही तो नुसती मिशी हलवायचा आणि टाळ्या घ्यायचा.

बाकी बरं आहे. संत्र्यावाल्या सिनेमाचा जो तरुण दिग्दर्शक, त्याच्याच नव्या सिनेमात मला मोठं काम आहे, पहिल्या प्रसंगापासून शेवटच्यापर्यंत. फेब्रुवारीअखेर सुरू होईल. एका मालिकेचंही बोलणं चाललंय. परवा आमच्यातलाच एकजण भेटला. संवाद विसरायला लागला म्हणून त्याला आता कुणी बोलवत नाही. दिवसभर बागेत बसून असतो. तेव्हा मिळतंय ते मुकाट्याने करावं, फार पुढे पुढे करू नये.

फोनचं म्हणशील तर आमचा फोन बिघडलाय, नुसती खरखर करतो. मामीला खरखरीची सवय आहे, माझ्या घोरण्यामुळे. तू आपली पत्रं लिही. पत्र कसं, दोनदा वाचता येतं.

ताईचा गुडघा काय म्हणतो?

तुझा मामा


२० नोव्हेंबर

प्रिय मामा,

आईचा गुडघा म्हणतो, ऑपरेशन करा. आई म्हणते, बघू. दोघांचं भांडण फेब्रुवारीपर्यंत मिटेल असं डॉक्टर म्हणतात.

आता तुझ्या कारणांचा समाचार घेते. अंदाज म्हणजे वशिला नव्हे. हवामान खात्याने उद्या पाऊस पडेल म्हटलं, म्हणजे खात्याला पाऊस आवडतो असं नाही. मी मतदारांशी बोलते, कोण कुठला सिनेमा बघून काय बोललं ते कानावर घेते, आणि मग लिहिते. गेल्या पंधरवड्यात चौघांनी आपणहून तुझा विषय काढला. तू माझा मामा आहेस हे त्यांना माहीतही नव्हतं.

संपादकांना मात्र मी सांगितलं. ते म्हणाले, “मामाचं नाव घातलंस तर लोक हसतील. नाही घातलंस तर तू खोटं लिहिलंस.” मी म्हटलं, मग हसू देत. लेखातच लिहीन की हे माझे सख्खे मामा आहेत, आता काय म्हणायचं ते म्हणा.

तरी पण तुझ्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही. म्हणून रविवारी दुपारी चारला मी फोन करीन. मामीने नाही, तू उचलायचास. हो की नाही, एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचंय. खरखर असली तर असू दे, ओरडून बोलू.

तुझी,
चुळबुळ


२७ नोव्हेंबर

चि. चुळबुळ हिला मामीचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं माकलं सांभाळून घे. रविवारी तुझा फोन आला तेव्हा हे अगदी नुकतेच बाहेर गेले होते. तुझ्या फोनची वाट बघत बसले होते, पण एकाएकी कुणाचं तरी बोलावणं आलं. तू म्हणालीस की मागून यांचा आवाज येतोय, “कोण आहे गं?” असा. तो टीव्हीचा असेल. यांचा कुठला तरी जुना सिनेमा लागला होता.

बाळ, एक सांगू? त्या नामांकनाचा नाद सोड. यांच्यावर रागावू नकोस. यांचं तुझ्यावर किती आहे ते तुला ठाऊक आहे. तुझा प्रत्येक लेख हे कापून ठेवतात. पण माणसाला काही गोष्टींची भीती वाटते आणि ती सांगता येत नाही. मी जास्त लिहीत नाही. आमच्या घरात सध्या अळीमिळी गुपचिळी आहे आणि मी शब्द दिलाय.

ताईंसाठी गुडघ्याचं तेल पाठवतेय. ऑपरेशन टळणार नाही, पण बरं वाटेल.

तुझी मामी


९ डिसेंबर

मामा,

रविवारी जुना सिनेमा लागला नव्हता. मी कार्यक्रमपत्रिका पाहिली. पण ते जाऊ दे.

शुक्रवारी मी तुमच्या शहरात आले होते. कामासाठी आले होते, ते दुपारीच संपलं. म्हटलं, न सांगता जावं, मामाला चकित करावं. आईने तुझ्यासाठी विणलेला स्वेटर बरोबर होता. जिना चढून आले, घंटी वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. मग दाराशेजारच्या खिडकीतून पाहिलं तर तू आत होतास. माझ्याकडे पाठ करून आरामखुर्चीत बसला होतास आणि काहीतरी वाचत होतास. मी काचेवर टकटक केली. “मामा!” म्हणून हाक मारली, चांगली मोठ्याने. शेजारच्या बाई दार उघडून बाहेर आल्या, पण तू हललाही नाहीस. एकदा तर वाचता वाचता तू हसलास, आणि पान उलटलंस.

लहानपणी शाळेला दांडी मारायला लावून तू मला स्टुडिओत न्यायचास आणि आईचा ओरडा स्वतः खायचास. मी सिनेमावर लिहिते ते तुझ्यामुळे. माझ्या लेखात तुझं नाव येण्याची तुला इतकी लाज वाटत असेल, तर तोंडावर सांगायचंस. दार लावून बसायची काय गरज होती?

शेजारच्या बाईंसमोर मी रडले नाही. जिना उतरल्यावर रडले. स्वेटरची पिशवी दाराच्या कडीला अडकवून ठेवली होती, मिळाली असेल.

लेख आज छपाईला गेला. तुझं नाव काढून टाकलंय. पाचव्या जागी तुझा कोर्टातला कारकून आहे. झालं समाधान?

चुळबुळ


१३ डिसेंबर

चुळबुळे,

पिशवी मिळाली. स्वेटर अंगात आहे. कडीला पिशवी बघून मी मामीला म्हटलं, ताईचं विणकाम चालत चालत इथवर आलं की काय! तुझं पत्र आलं तेव्हा कळलं. तेव्हापासून मी काही खाल्लेलं नाही, म्हणजे मामीने भरवलं तेवढंच.

बाळ, मला ऐकू येत नाही.

लिहून टाकलं एकदाचं. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. मग उजवाही हळूहळू निघाला. समोरचा माणूस उजेडात असेल, तोंड माझ्याकडे असेल, तर ओठांवरून कळतं. पाठीमागे तोफ डागली तरी मी पान उलटीन. शुक्रवारी तू माझ्या पाठीमागे होतीस.

हे फक्त मामीला माहीत होतं. ताईलाही सांगितलं नाही. कळलं की काम थांबतं, म्हणून. बागेत बसणाऱ्याचं तुला लिहिलं होतं ना, त्याच्या शेजारचा बाक मला रोज दिसतो.

आतापर्यंत निभावलं कसं, तर मी सगळ्यांचे संवाद पाठ करतो. स्वयंपाकघरात मामी नायक होते, नायिका होते, परवा चमचा हातात घेऊन खुनीसुद्धा झाली. कुणाचे ओठ कुठे थांबतात ते मी तालमीत बघून ठेवतो. डबिंगला हेडफोनचा आवाज इतका मोठा करतो की ध्वनिमुद्रकाला मी विक्षिप्त वाटतो. वाटू दे.

आता संत्र्याचं ऐक. तालमीत तो पोरगा माझ्याकडे बघून बोलायचा. टेकच्या वेळी त्याला खरंच भरून आलं आणि त्याने मान खाली घातली. ओठ दिसेनात! तो कुठल्या वाक्यावर आहे तेच मला कळेना. हातांना काम हवं म्हणून संत्रं सोलत राहिलो. मग वाटलं, थांबला बहुतेक. पण खांदे हलत होते. म्हणजे बोलतोय की रडतोय? मी आपला बघतोय, बघतोय. शेवटी त्याने मान वर केली तेव्हा माझं वाक्य म्हटलं, “जेवून घे.” दिग्दर्शक धावत येऊन गळ्यात पडला.

तू लिहिलंस, म्हातारा उत्तर शोधत होता. चुळबुळे, म्हातारा फक्त समोरच्याचं वाक्य संपलंय का ते शोधत होता. आणि त्यासाठी नामांकन घ्यायचं? मग तिथे माइक घेऊन कुणीतरी विचारणार, “एवढं सुंदर ऐकता कसं तुम्ही?” आणि मी म्हणणार, “हो, थंडी आहे जरा.”

लाज वाटली ती तुझ्या लेखाची नाही. माझी मला वाटली. माझ्या दारातून तू अशी परत गेलीस, हे मात्र माझ्या जिवाला लागून राहिलंय.

मामा


१८ डिसेंबर

माझ्या मामा,

तुझं पत्र आणि छापलेला अंक माझ्या टेबलावर एकाच दिवशी आले. कारकुनाचा फोटो सुंदर आलाय. मी त्याच्यावर पत्र उलथं ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले.

आधी भांडून घेते. दोन वर्षं! ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही आमच्यापासून? मी आईला सांगितलं तर ती ढिम्म. म्हणाली, “मला केव्हाच कळलंय. मागे आला होता तेव्हा विचारलं, चहा घेतोस की कॉफी? म्हणाला, हो.” मग मला का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणते, “त्याने सांगितलं नाही, मग मी कशाला त्याचा मान घालवू?” तुम्ही बहीण-भाऊ दोघंही एकाच भट्टीतले.

संध्याकाळी आईला घेऊन, तिकीट काढून, तुझा सिनेमा पुन्हा पाहिला. म्हटलं, आता सगळं माहीत आहे, आता फसणार नाही. तरी तिथे आल्यावर पुन्हा तेच झालं. आई माझा हात दाबत म्हणाली, “आमचे बाबा असेच बघायचे.”

ऐक, म्हणजे वाच. त्या पोराला कळवळून काही सांगायचं होतं आणि समोरचा माणूस त्याच्यावरून नजर काढत नव्हता. तू का बघत होतास, हे तुझं तुला. बघत होतास हे खरं की नाही? आम्हाला धडधडीत ऐकू येतं, पण आम्ही कुणाकडे बघतो? संपादक बोलतात तेव्हा मी खिडकीबाहेर बघते. फसवणूक म्हणतोस, मग तो मिशीवाला सिनेमात खरंच मेला का?

दोन गोष्टी कर. कानाच्या डॉक्टरकडे जा. आणि दिग्दर्शकाला सांग. दुसरी जमेल तेव्हा कर, पहिली याच आठवड्यात.

माझा राग गेला. दारातून परत गेले ते माझ्या जिवालाही लागलं होतं, आता नाही.

तुझीच,
चुळबुळ


३ जानेवारी

चि. चुळबुळ,

तुझ्या हुकमाप्रमाणे उजव्या कानात यंत्र बसलं. डाव्याला काही उपयोग नाही म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी घरात कुणीतरी चालत असल्याचा आवाज आला. मी मामीला खुणेने सांगितलं, चोर! ती म्हणाली, “अहो, तुमच्याच सपाता.” आमचा फ्रीज गुरगुरतो. जिन्याचं दार किंचाळतं. मामी भांडी घासताना गुणगुणते, हे मी विसरूनच गेलो होतो. दोन दिवस मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. तिला वाटलं, जेवणाची घाई आहे.

पण हे घरापुरतं. चार माणसं एकदम बोलायला लागली की सगळ्याचा नुसता गोंधळ होतो. डॉक्टर म्हणाले, सवय होईल, पण फार आशा धरू नका. मालिकेवाल्यांना मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “कळवतो.” कळवतो म्हणजे काय, हे या धंद्यात सगळ्यात आधी कळतं.

दिग्दर्शकाला अजून सांगितलेलं नाही. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मालिका गेली तर गेली, पण ते काम गेलं तर मला फार लागेल, बाळ.

तुझा मामा


१६ जानेवारी

मामा,

नामांकनं जाहीर झाली. माझ्या पाचांपैकी चार बरोबर आली. मिशीवाला आला, वजनवाला आला, खलनायक आला, मोठ्या निर्मात्याचा माणूस आला. कारकून नाही आला.

पाचवं नाव तुझं आहे!

कचेरीत सगळे पोट धरून हसताहेत. संपादक म्हणाले, “अकरा वर्षांत एवढं मोठं हातचं कुणी घालवलं नव्हतं, तेही घरातल्याचं.” पुढच्या अंकात माझी ही फजिती मीच लिहिणार आहे. इतक्या आनंदाने मी कधी चुकले नव्हते.

एकच वाईट वाटतंय. आईचं ऑपरेशन नेमकं सोहळ्याच्या आदल्या दिवशी ठरलंय, त्यामुळे आम्ही येऊ शकणार नाही. टीव्हीवर बघू. मामीला ने. कोट शिव. आणि दिग्दर्शकाचं दार तिसऱ्यांदा वाजव.

तुझी,
चुळबुळ


१९ फेब्रुवारी

चि. चुळबुळ,

ताईचं ऑपरेशन नीट झाल्याचं मामीने फोनवर ऐकून मला सांगितलं. तिला म्हणावं, आता पळायला लाग.

आधी दिग्दर्शकाचं. तुझं पत्र खिशात घालून गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्याने खुर्ची माझ्या समोर ओढली. मग म्हणाला, “म्हणजे मी ‘कट’ ओरडत होतो आणि तुम्ही थांबत नव्हता, ते भूमिकेत बुडाल्यामुळे नाही?” म्हटलं, नाही. “अहो, मी प्रत्येक मुलाखतीत तसं सांगितलंय!” आणि जो हसत सुटला! हसून झाल्यावर मात्र गंभीर झाला. म्हणाला, निर्मात्याला विचारावं लागेल. पुढचा आठवडा कसा गेला ते मामीला विचार. मग निरोप आला, काम तुमचंच. कॅमेऱ्याशेजारी एक माणूस उभा राहील, तो हाताने खूण करील. पुढच्या सोमवारी सुरुवात.

आता सोहळ्याचं. दारातच एक मुलगी माइक घेऊन आली. मी म्हटलं, “बाई, माइक कुठेही धरा, पण तोंड माझ्याकडे करा. मला ऐकू येत नाही.” ती गोरीमोरी झाली. मग अगदी सावकाश बोलली. ज्याला मी दोन वर्षं घाबरलो, ते एवढ्यातच संपलं.

आत मिशीवाला माझ्या शेजारीच. त्यालाही सांगितलं, अरे, कान गेले. तो माझ्या यंत्राच्या कानाशी तोंड आणून म्हणाला, “माझे डोळे गेलेत. मोतीबिंदू. कुणाला बोलू नकोस.” जोडी बरी जमली.

सभागृहात आवाजांचा इतका कल्लोळ की मी यंत्र बंद करून टाकलं. आमच्या विभागाचं पाकीट फुटलं, सगळे मिशीवाल्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले, म्हणून मीही वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. तो उठला, पण जागचा हलेना. माझी बाही धरली. दिवे त्याच्या डोळ्यांवर आले होते आणि त्याला पायऱ्या दिसत नव्हत्या. मग मी त्याचा हात धरला आणि घेऊन गेलो वर. पोचवून खाली येणार होतो, पण त्याने माझा हात सोडलाच नाही. म्हणून उभा राहिलो.

तो पुष्कळ बोलला. पण पोरी, त्याच्या त्या मिशीमुळे ओठ वाचता येत नाहीत! मी अधूनमधून मान डोलावत होतो. काहीतरी विशेष बोलला असावा, कारण लोक उठून उभे राहिले. मामीला विचारलं तर ती सांगायला लागते आणि मध्येच रडायला लागते. त्याला विचारलं तर खांद्यावर थाप मारतो. वर्तमानपत्रात नुसता फोटो आलाय. तू पाहिलं असशील. काय म्हणाला ते लिहून कळव.

तुझा मामा


२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आईचा पाय उशीवर, माझी मान टीव्हीत, असं आम्ही पाहिलं. आईने डोळे पुसत पुसत मला हुकूम सोडला होता, “लिहून घे, त्याला कळणार नाही.” म्हणून सगळं जसंच्या तसं आहे.

आधी त्याने नेहमीचे आभार मानले, निर्माता, दिग्दर्शक, बायको, मुलं. मग म्हणाला:

“माझ्या शेजारी हे जे उभे आहेत, त्यांना तुम्ही ओळखता. नाव आठवत नसेल, पण ओळखता. आम्ही दोघं तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत होतो. एकदा प्रयोगाच्या तोंडावर माझे वडील गेल्याची तार आली. तिकिटं विकली गेली होती. मी तसाच रंगमंचावर जाऊन उभा राहिलो, आणि तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा याने काय केलं, माझी वाक्यं हाच म्हणायला लागला. ‘तू आता असं म्हणशील की,’ असं म्हणून माझं वाक्य म्हणायचा, आणि मग त्याला स्वतःचं उत्तर द्यायचा. सबंध अंक. प्रेक्षकांना वाटलं, नाटकच असं आहे. पडदा पडल्यावर याने मला एवढंच विचारलं, ‘गाडी किती वाजता आहे?’ आणि स्टेशनवर सोडायला आला. मला या पायऱ्या दिसत नाहीत. आज वरही यानेच आणलंय. आत्ता हा माझ्याकडे बघून मान डोलावतोय, पण पैजेवर सांगतो, यातलं एक अक्षर याला ऐकू आलेलं नाही. कुणीतरी त्याला नंतर सांगा.”

तेव्हा सगळं सभागृह उठून उभं राहिलं. आणि तू गोंधळून मागे वळून पाहिलंस, कुणी मोठा माणूस आला की काय म्हणून.

मागे कुणी नव्हतं, मामा.

तुझी,
चुळबुळ